‘लाउअर’ : एका आकाशवाचक क्रियापदाचा अर्थनिर्णय

वादळापूर्वीच्या काळ्या, धाक घालणाऱ्या आभाळासाठी इंग्रजीत ‘लाउअर’ हे क्रियापद आहे. बोलण्यात ते आज क्वचितच येते; परंतु जुने वाङ्मय वाचणाऱ्यास ते टाळता येत नाही. अडचण आहे ती लेखनाची. ‘एल्-ओ-यू-आर्’ या वळणाखेरीज ते ‘एल्-ओ-डब्ल्यू-ई-आर्’ असेही लिहिले जाते, आणि मग ‘खाली आणणे’ या अर्थाच्या ‘लोअर’हून डोळ्यांना ते वेगळे दिसतच नाही. उच्चार भिन्न, व्युत्पत्ती भिन्न; पण शब्द केवळ छापील पानावर भेटलेला वाचक ढग खाली उतरले असे समजून पुढे जातो. ही चूक सहज खपते, कारण ती दृश्याशी विसंगत नाही. काळे ढग खाली आल्यासारखे दिसतातच.

डॉ. जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात हा प्रश्न नेमका मांडला होता. मूळ प्रयोग आकाशाविषयी असेल तर ‘खाली येणे’ हाच अर्थ. चेहऱ्याविषयी असेल तर तिरके पाहणे या अर्थाच्या डच शब्दाशी नाते. निर्णय त्याने दिला नाही. आज तो निःसंशय देता येतो. मध्य-इंग्रजीत हे क्रियापद तेराव्या शतकापासून कपाळाला आठ्या घालणाऱ्या माणसाविषयी आढळते; आकाशाकडे ते पंधराव्या शतकात वळले. ‘लोअर’ क्रियापद म्हणून रुळू लागले ते १६०० च्या सुमारास. दबा धरून बसणे या अर्थाचे जर्मन ‘लाउअर्न’ हे त्याचे सगोत्र होय. म्हणजे आधी मुद्रा, मग आभाळ. उंचीचा संबंध नाही.

याला एक बोलका पुरावा बायबलमध्ये आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात मत्तयाच्या शुभवर्तमानात (१६:३) सकाळच्या तांबड्या आभाळाला हेच क्रियापद लावले आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ खिन्न होणे, आणि मार्काच्या शुभवर्तमानात (१०:२२) ते येशूचे उत्तर ऐकून खिन्न झालेल्या श्रीमंत मनुष्याविषयी येते. ग्रीकात माणूस व आभाळ यांना एकच शब्द पुरला; इंग्रजी भाषांतरकारांनी दोन योजले. तरी आभाळासाठी त्यांनी निवडलेला शब्दही चेहऱ्यावरूनच आलेला आहे, हे लक्षणीय होय.

शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ नाटकाच्या आरंभीच्या स्वगतात हा भेद काव्यार्थाच्या मुळाशी जातो. तेथे यॉर्क घराण्यावरच्या ढगांना हे क्रियापद आहे, आणि काही ओळींनंतर उग्रमुखी युद्धाच्या कपाळावरील आठ्या मावळल्याचे वर्णन आहे. ढगांच्या आठ्या व युद्धाच्या आठ्या ही एकच प्रतिमा दोनदा आलेली आहे. पहिल्या ठिकाणी ‘ढग खाली उतरले’ असे वाचले की दुसरी प्रतिमा निराधार होते. रिचर्डच्या बोलण्यातला उपरोधही त्यामुळे बोथट होतो.

मराठीत ‘काळवंडणे’ हे चेहरा व आभाळ या दोहोंनाही लागते. मत्तयाच्या वचनास ते उत्तम शोभेल. (‘उतरणे’ हेही चेहऱ्यास लागते, पण तो पडलेला चेहरा; दरडावणारा नव्हे.) शेक्सपिअरला मात्र ‘काळवंडणे’ अपुरे पडते, कारण त्यात काळिमा आहे, धाक नाही. ढगांनी घराण्याकडे पाहून आठ्या घातल्या, हे मराठीस थोडे अवघड वाटेल. तरीही भाषांतरकाराने तेच पत्करावे.