आमचें अरण्यवाङ्मय आणि मागें उरलेलीं माणसें

मराठींत अरण्यावर जें उत्तम लिहिलें गेलें, त्याचा मोठा वांटा विदर्भाच्या पूर्वेकडील जंगलपट्टीनें पुरविला आहे. व्यंकटेश माडगूळकरांचें ‘नागझिरा’ घ्या, किंवा वनखात्याच्या नोकरींत उभी हयात घालविलेल्या मारुती चितमपल्लींचीं पुस्तकें घ्या. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना रानाची गोडी लागली ती अशाच लेखनामुळें. हें ऋण आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों. परंतु ऋण मान्य करणें म्हणजे परीक्षणाचा हक्क सोडणें नव्हे. आमच्या अरण्यवाङ्मयांत वाघ आहे, त्याच्या पावलांचे ठसे आहेत, पाणवठ्यावरची संध्याकाळ आहे. वाघाच्या हल्ल्यानंतर मागें उरलेला माणूस मात्र त्यांत फारसा नाहीं. ही उणीव केवळ रसिकतेच्या प्रांतांतली असती, तर तिच्यासाठीं आम्हीं लेखणी उचलली नसती. आमच्या मतें तिचा संबंध त्या माणसाला उपचार मिळण्या-न मिळण्याशीं पोंचतो.

ताडोबा हें नांव आज देशोदेशींच्या प्रवाशांच्या तोंडीं आहे. तेथील लोककथा अशी कीं, तारू नांवाचा एक गांवप्रमुख वाघाशीं झुंजतांना मारला गेला. लोकांनीं त्यास देव मानलें, तळ्याच्या कांठीं त्याचें ठाणें झालें आणि पौष महिन्यांत तेथें जत्रा भरूं लागली. म्हणजे ज्या नांवानें आम्ही वाघ पाहावयास जातों, तें नांव वाघाचें नव्हे. वाघानें मारलेल्या माणसाचें आहे. जुन्या समाजानें शोकास एक जागा, एक काळ आणि एक नांव दिलें होतें. आजच्या शोकाच्या वांट्यास यांपैकीं काय येतें, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्यें गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा वनक्षेत्रांत एक वाघ पकडण्यांत आला. गडचिरोली, भंडारा व चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून १३ माणसांचे मृत्यु त्याच्या नांवावर होते. १० मे २०२५ रोजीं चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानें तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत मरण पावल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हां एका रात्रींत हजारों माणसें गेलीं आणि सारा महाराष्ट्र हळहळला. जंगलांतली आपत्ति तशी एका रात्रींत कोसळत नाहीं. ती एक एक घर निवडीत वर्षानुवर्षें चालते, म्हणून तिला आपत्ति म्हणावें हें आमच्या ध्यानांतही येत नाहीं. केरळ सरकारनें मार्च २०२४ मध्यें मानव-वन्यजीव संघर्षास राज्याची विशेष आपत्ति ठरविलें, यावरून हा विचार अगदींच अनाठायीं नाहीं हें दिसेल. वाघ मारून टाका, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. वाघ राहावा असें ज्यांना वाटतें, त्यांनींच या प्रश्नाकडे आधीं पाहिलें पाहिजे, एवढेंच आम्हांस सुचवावयाचें आहे.

अशा प्रसंगाचें पहिलें गद्य लिहिलें जातें तें पंचनाम्यांत. पंचनामा हाही एक गद्यप्रकारच होय, आणि आपल्या कामापुरता तो चोखही असतो. मृताचें नांव व वय, जंगलाचा कक्ष क्रमांक, जखमांचें वर्णन, पंचांच्या सह्या. त्याच्या आधारें वारसांस मदत मिळते. ती रक्कम आतां २५ लाख रुपयांपर्यंत गेली आहे, आणि ती कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु या गद्याला दोनच प्रकारचीं माणसें ओळखतां येतात, मृत आणि जखमी. मोहफुलें वेंचावयास किंवा तेंदूपानें तोडावयास कोणी सहसा एकटें जात नाहीं. दहा हातांवर वांकलेली शेजारीण दिसेनाशी होते, ओरडा होतो, आणि उरलेल्या बायका धांवत गांवीं परततात. त्यांच्या अंगावर ओरखडाही नसतो. म्हणून पंचनाम्यांत त्या फार तर साक्षीदार ठरतात. पुढें त्यांची झोप गेली, पाचोळा वाजला तरी काळीज हललें, ‘मी तिच्या बाजूला असतें तर’ हा विचार दिवसरात्र छळूं लागला, तर त्याची नोंद कोणत्या रकान्यांत करावी? तो रकानाच नाहीं.

शिवाय या भयाचा एक विशेष आहे. भूकंप होऊन गेल्यावर जमीन कधीं तरी स्थिर होते. येथें मात्र जीविकाच त्या जंगलांत आहे. मार्च-एप्रिलांत मोह आणि मे महिन्यांत तेंदू, हेच वर्षाचे रोख पैशाचे दिवस; ते चुकले तर घर चालत नाहीं. ज्या वाटेवर शेजारीण गेली, त्याच वाटेनें दुसऱ्या आठवड्यांत जावें लागतें. असा माणूस ‘बरा झाला’ म्हणजे काय झालें, हें सांगणें वैद्यकासही सोपें नाहीं.

आतां उपचाराचा मार्ग पाहूं. मानसिक रोगांसाठीं सरकारचें मोठें रुग्णालय नागपुरास आहे. तें १८६४ सालचें. चंद्रपुराहून तें सुमारें दीडशें किलोमीटर दूर, आणि सिरोंचाच्या माणसाला तर आपल्या जिल्ह्याचें ठिकाण गांठावयासच दोनशें किलोमीटर तोडावे लागतात. २०१७ च्या कायद्यानें मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनें सल्लाही मिळतो. परंतु हक्क बजावण्यासाठीं आपल्याला कांहीं आजार आहे हें आधीं वाटावें लागतें. नागपूरच्या त्या रुग्णालयाला लोक ‘पागलखाना’ म्हणतात, आणि आपण पागल नाहीं हें त्या बाईला पक्कें ठाऊक असतें. मग ती पुजाऱ्याकडे जाते, आणि त्यांत तिचें कांहीं चुकतें असें आम्हांस वाटत नाहीं. तो निदान तिच्या बोलींत विचारतो. गडचिरोलींत गोंडी व माडिया आहे, झाडी बोली आहे, दक्षिणेस तेलुगू आहे, पूर्व बंगालांतून येऊन वसलेल्या कुटुंबांची बंगाली आहे. दवाखान्यांतला प्रश्न मात्र पुस्तकी मराठींत येतो. विधवेची गोष्ट तर याहून कठीण. सुंदरबनांत वाघानें नवरा मारलेल्या बाईला ‘स्वामीखेगो’, म्हणजे नवरा खाणारी, म्हणतात, आणि हा कलंक तिच्या मनाला कसा पोंखरतो हें तेथील मानसोपचारतज्ज्ञांनीं अभ्यासून दाखविलें आहे. बंगालकडे बोट दाखविण्याची आम्हांस सोय नाहीं. ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्दप्रयोग आमचाच आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘हें सारें खरें, पण तेथें डॉक्टर पाहिजेत, वाङ्मय काय करणार?’ आक्षेप रास्त आहे. डॉक्टर पाहिजेतच, रस्ते पाहिजेत, औषधें पाहिजेत. तथापि विदर्भांतलाच एक अनुभव येथें नमूद करण्याजोगा आहे. अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं होरपळलेल्या मुलुखांत, ‘विश्राम’ नांवाचा उपक्रम झाला. गांवांतल्याच माणसांना शिकवून त्यांनीं घरोघर आणि सभांतून मनाच्या दुखण्याविषयीं बोलावें, समजूत द्यावी आणि जरूर तेथें तज्ज्ञाकडे न्यावें, अशी त्याची रचना होती. नैराश्यानें ग्रासलेल्यांपैकीं मदतीसाठीं कोठें तरी जाणाऱ्यांचें प्रमाण दीड वर्षांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलें, असा त्याचा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. झिंबाब्वेंत आज्यांना शिकवून बाकावर बसविलें; तेथील लोक या दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करणें, असें म्हणत, तोच शब्द त्या उपचारांत ठेवला, आणि २०१६ सालच्या चांचणींत त्या आज्यांचा उपयोग सिद्ध झाला. माणूस आपल्या दुखण्याचें नांव ऐकतो, तेव्हां दाराशीं येतो. नांवें जतन करणें हें तर वाङ्मयाचें काम आहे.

मराठीपाशीं हीं नांवें नाहींत असेंही नाहीं. ‘तिनें धसका घेतला’, ‘त्यानें हाय खाल्ली’, ‘जीव थाऱ्यावर नाहीं’ असें आमच्या आज्या म्हणत, आणि या तीन वाक्यांत तीन वेगवेगळीं दुखणीं आहेत. ‘धसका’ एका घटनेचा असतो; ‘हाय’ माणसाला आंतून खाते; ‘थारा’ गेला म्हणजे जगावरचा विश्वास गेला. यांतला कोणताही शब्द वेडाचा नाहीं, आणि म्हणूनच तो उच्चारतांना लाज वाटत नाहीं. परंतु दवाखान्याच्या कागदांत ते आले नाहींत, आणि आमच्या लेखकांनींही त्यांना वाक्प्रचारांच्या कोशांत निजवून ठेवलें आहे.

चितमपल्लींचें मोठेपण आम्हांस येथें आठवतें. ते वनवासी लोकांच्या मागें रानोमाळ हिंडले, त्यांच्या तोंडून पक्ष्यांचीं व झाडांचीं नांवें टिपून घेतलीं, आणि ‘पक्षिकोश’ मराठीस दिला. जी माणसें त्यांना पाखरांचीं नांवें सांगत होतीं, त्यांच्याचपाशीं भयाचीं आणि शोकाचींही नांवें आहेत. गोंडींत आहेत, माडियांत आहेत, झाडी बोलींत आहेत. तीं टिपावयास तितक्याच चिकाटीनें कोणी तरी निघालें पाहिजे. झाडीपट्टीच्या रंगभूमीकडे तर याहूनही लवकर वळतां येईल. दिवाळीनंतर वडशाच्या नाटकमंडळ्या गांवोगांव निघतात, रात्रभर नाटक चालतें आणि हजारोंचा समुदाय उघडपणें रडतो. शहरांतले टीकाकार त्या रडण्यास भडक म्हणून हंसतात. आम्हांस तें मत मान्य नाहीं. ज्या मुलुखांत दुःख बोलून दाखविण्यास दवाखाना नाहीं, तेथें रडण्याची सामुदायिक जागा असणें ही सामान्य गोष्ट नव्हे. त्या रंगमंचावर जंगलांतून परत आलेली बाई उभी राहिली, आणि तिचा धसका तिच्याच बोलींत बोलला गेला, तर दुसऱ्या दिवशीं गांवच्या आशाताईला तिच्या दारीं जाऊन विचारणें किती तरी सोपें होईल.

तोंवर अरण्यावरील नव्या पुस्तकांचें परीक्षण करतांना आम्ही एक साधी कसोटी लावूं इच्छितों. वर्णन किती सुंदर, माहिती किती अचूक, हें तर पाहूंच. पण ज्या वाटेवर लेखकाला वाघाचा ठसा दिसला, त्या वाटेनें सकाळीं मोह वेंचावयास कोण गेलें आणि संध्याकाळीं कोणत्या मनानें परतलें, हें त्याला दिसलें कीं नाहीं, हेंही आम्ही विचारणार आहों.