नक्कल आणि अस्सल : एका कार्टूनकथेविषयी

महसूल खात्यातील सेवाकाळात हजारो कागदांवर ‘खरी नक्कल’ असा शेरा मारून मी सही केली. नक्कल कितीही हुबेहूब असो, आपणच अस्सल आहोत असा दावा तिने कधी केला नाही. अशी दावा करणारी एक नक्कल मला निवृत्तीनंतर भेटली, आणि तीही कार्टूनमध्ये.

सुटीत बाजारकुणंगला आलेल्या नातवाने ‘बॅटमॅन : द अ‍ॅनिमेटेड सीरीज’ या अमेरिकी मालिकेचा ‘हिज सिलिकॉन सोल’ हा भाग आग्रहाने दाखविला. १९९२ च्या नोव्हेंबरात प्रथम प्रक्षेपित झालेली ही जेमतेम वीसबावीस मिनिटांची कथा. एका गोदामात चोर शिरतात, पेटी फोडतात, आणि आतून साक्षात बॅटमॅन बाहेर येतो. झटापटीत गोळी लागते. पाहतो तो जखमेतून रक्त नाही, तारा डोकावताहेत. आपल्याला कोणीतरी यंत्राच्या देहात कोंडले, अशी त्याची समजूत होते. आपल्या वाचकांना येथे परकायाप्रवेशाच्या कथा आठवतील. प्रकार मात्र उलटा आहे. हा देह मुळातच यंत्राचा. त्यात भरलेल्या स्मृती तेवढ्या दुसऱ्याच्या.

हे त्याला सांगतो कार्ल रॉसम. माणसांच्या जागी यंत्रे बसविण्याचा कट करणाऱ्या ‘हार्डॅक’ या संगणकाचा हा जनक आता हरितगृहात झाडे वाढवीत बसला आहे. रॉसम हे नाव सहज ठेवलेले नाही. ‘रोबो’ हा शब्द जगाला देणाऱ्या कारेल चापेकच्या १९२० मधील नाटकात यंत्रमानवांचा कारखाना याच नावाचा आहे. तुझ्यापाशी माहिती आहे, जगलेले आयुष्य नाही, असे त्याचे म्हणणे. सबंध भागात मला सर्वांत सरस वाटला तो हा प्रसंग. त्यापुढची हाणामारी मात्र ठराविक साच्यातली आहे; यंत्रात दडलेली हार्डॅकची आज्ञा जागी होताच ते एकाएकी खलनायक बनते, हेही मला सोयीस्कर वाटले.

अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त राज्यधर नावाच्या सुताराने लाकडी माणसांचे एक नगरच वसविल्याची कथा आहे. ती माणसे हिंडतात-फिरतात. वाचा नाही म्हणून निर्जीव ओळखू येतात. या कार्टूनमध्ये ती खूण उरलेली नाही. दोन्ही बॅटमॅनना केविन कॉनरॉय या एकाच नटाचा आवाज आहे, त्यामुळे कानांनी निवाडा करता येत नाही. मग करायचा कशाने?

कथेचे उत्तर असे : गुहेतील झुंजीत खरा बॅटमॅन खोल कोसळतो. आपण माणूस मारला, या जाणिवेने यंत्र हादरते. हार्डॅकचा कार्यक्रम जगभर पसरविण्याच्या बेतात असलेले ते, संगणक फोडून स्वतःलाही संपविते. त्याला आत्मा असावा काय, सिलिकॉनचा का होईना, असे मागाहून बॅटमॅन बोलून दाखवितो. शक्ती, बुद्धी किंवा प्रेम यांऐवजी पश्चात्ताप ही सजीवतेची खूण मानणे, यात लेखकांची उंची दिसते.

तरी एक आक्षेप राहतो. जीव घ्यायचा नाही हे बॅटमॅनचे व्रत स्मृतींबरोबरच यंत्रात उतरले होते. मग तो पश्चात्ताप यंत्राचा, की तोही नकललेला? कथा या प्रश्नाला बगल देते. माझे मत यंत्राच्या बाजूने आहे. कर्नाटकात ‘भूमी’ योजनेत जमिनीचे उतारे संगणकावर चढले, हाताने लिहिलेले उतारे बाद झाले आणि प्रत हीच मूळ ठरली, हे मी पाहिले आहे. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या या कानडी मुलखात राहून आपण जे मराठी बोलतो, पापपुण्याच्या ज्या कल्पना बाळगतो, त्या तरी आपण कोठे घडविल्या? आजीने कानात घातल्या. म्हणून त्यांपायी आलेले डोळ्यांतील पाणी उसने ठरत नाही. पढविलेले व्रत मोडल्यावर ज्याला जगणे नकोसे होते, त्याने ते आपलेसे केले असे मी समजतो.

नातवाला यातले काही फारसे पटले नाही. यंत्राने खाली उतरून तो मेला की नाही हे आधी का पाहिले नाही, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर मजपाशी नाही.