बोलणाऱ्याला गुण, ऐकणाऱ्याला काय?

‘डॉक्टर हुशार आहेत, पण नीट बोलत नाहीत,’ ही तक्रार आपण सर्वांनी ऐकलेली आहे, आणि कधी ना कधी केलेलीही आहे. वरवर पाहता ती डॉक्टरांच्या स्वभावाबद्दलची वाटते. परंतु गेल्या तीस-चाळीस वर्षांत वैद्यकशिक्षणात तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहिले जाऊ लागले आहे. टाके घालणे, शीर शोधून सुई टोचणे, श्वासनलिकेत नळी घालणे ही झाली तांत्रिक कौशल्ये. प्रसंगाचे भान ठेवणे, वेळेवर निर्णय घेणे, कामाची वाटणी करणे, सहकाऱ्यांशी बोलणे व त्यांचे ऐकणे यांना तांत्रिकेतर कौशल्ये म्हणतात. ती जन्मजात नसून शिकवता येतात असे आता मानले जाते. शिकवता येतात म्हटले की ओघाने परीक्षा आली, आणि परीक्षा आली की गुण आले. या गुणांविषयी आम्हाला काही म्हणायचे आहे.

ही परीक्षा बहुधा सिम्युलेशनने, म्हणजे खऱ्या प्रसंगाची हुबेहूब नक्कल करून घेतात. एक प्रकार पुतळ्याचा. नॉर्वेतील खेळण्यांचे कारखानदार आस्मुन्ड लार्डाल यांनी १९६० साली कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकवण्यासाठी बाहुली तयार केली. आजचे पुतळे तिचेच वंशज, पण पुष्कळ पुढे गेलेले. त्यांची छाती वर-खाली होते, नाडी लागते. शेजारच्या खोलीत बसलेला शिक्षक रक्तातील ऑक्सिजनचा आकडा हळूहळू उतरवतो आणि यंत्राचा ‘टिक् टिक्’ आवाज खालच्या पट्टीत जाऊ लागतो. दुसरा प्रकार माणसांचा. हॉवर्ड बॅरोज या अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञांनी १९६३च्या सुमारास धडधाकट व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवले. १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन यांनी या कल्पनेला परीक्षेची शिस्त लावली. विद्यार्थी ठरावीक मिनिटांनी घंटा वाजली की एका टेबलाकडून दुसऱ्याकडे जातो; प्रत्येक ठिकाणी निराळे काम आणि परीक्षकाच्या हाती तपासयादी. तिला ‘ऑस्की’ म्हणतात. पूर्वी कोणाच्या वाट्याला सोपा रुग्ण आणि मवाळ परीक्षक येई, कोणाच्या वाट्याला उलटे. नशिबाचा हा भाग ऑस्कीने बराच कमी केला, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

तांत्रिकेतर कौशल्यांची कल्पना मात्र विमानवाहतुकीकडून आली. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे दगावली. केएलएम कंपनीच्या विमानाने परवानगी मिळण्यापूर्वीच धाव घेतली होती. समोरचे पॅन अमेरिकनचे विमान धावपट्टीवरून अजून हटले नसावे अशी शंका केएलएमच्याच फ्लाइट इंजिनियरने त्या क्षणी बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कप्तानाने ठामपणे ती झटकून टाकली. अशा अपघातांनंतर वैमानिकांना एकत्र काम करण्याचे शिक्षण सुरू झाले. स्टॅनफर्ड येथील डेव्हिड गाबा यांनी ते भूलशास्त्रात आणले. आणि स्कॉटलंडमधील मानसशास्त्रज्ञ व भूलतज्ज्ञांनी २००३ साली भूलतज्ज्ञांच्या तांत्रिकेतर कौशल्यांसाठी मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात कामाचे नियोजन, संघकार्य, परिस्थितीचे भान आणि निर्णय असे चार विभाग, त्यांचे पंधरा घटक, आणि प्रत्येक घटकाला एक ते चार गुण असतात. या मोजपट्टीतील एक गोष्ट आम्हाला फार आवडली. एखादे वर्तन दिसले नाही तर परीक्षकाने शून्य द्यायचे नाही, ‘दिसले नाही’ असे लिहायचे. आपल्या प्रगतिपुस्तकात असा रकाना असता तर!

इथपर्यंत आमची तक्रार नाही. ती पुढे सुरू होते.

टेनेरीफची हकीकत पुन्हा वाचून पाहा. तो इंजिनियर बोलला होता. त्याचे बोलणे तपासयादीवर तपासले तर त्याला गुण द्यावेच लागतील. आता इंग्लंडमधील २००५ सालची एक घटना पाहू. एलेन ब्रॉमिली ही तरुण स्त्री नाकाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात गेली. भूल दिल्यानंतर तिचा श्वासमार्ग बंद झाला. अनुभवी डॉक्टर घशातून नळी घालण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले. गळ्यावर छेद देऊन हवेला वाट करून देण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही. एका परिचारिकेने त्या छेदाचे साहित्य आणून ‘ते तयार आहे’ असे सांगितले. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली. पण आपण उगीच घाई करतो आहोत असे डॉक्टरांच्या चेहऱ्यावर वाचून तिने ती परत रद्द केली. एलेन शुद्धीवर आली नाही आणि काही दिवसांनी वारली. तिचे पती मार्टिन व्यवसायाने वैमानिक. त्यांनी सूड मागितला नाही, चौकशी मागितली, आणि तिच्यातून हा तपशील जगापुढे आला. साधने हजर होती. काय करायचे हे ठाऊक असलेली माणसेही हजर होती.

येथे कौशल्य कोणाचे कमी पडले? परिचारिकांनी अधिक ठासून बोलायला हवे होते, असे म्हणणे सोपे आहे, आणि बहुतेक सिम्युलेशन परीक्षा तेच म्हणतात. विद्यार्थ्यासमोर चुकीचा आदेश देणारा नकली वरिष्ठ उभा करतात आणि विद्यार्थी त्याला अडवतो का, कसे अडवतो, हे पाहून गुण देतात. परंतु अडवणे ही दोघांमध्ये घडणारी क्रिया आहे. कनिष्ठाने उच्चारलेले वाक्य आणि वरिष्ठाने थांबून मागे वळणे, मिळून ते कौशल्य पूर्ण होते. परीक्षा त्यातील अर्धेच तपासते, आणि तेही ज्याच्या हाती सर्वांत कमी सत्ता आहे त्याचे. वरिष्ठाची भूमिका करणाऱ्याला गुण नसतात. खऱ्या वॉर्डातील वरिष्ठाची तर परीक्षाच नसते.

शिवाय नकली वरिष्ठाला अडवण्यात धोका कोणता? त्याला अडवले की दोन गुण मिळतात हे विद्यार्थ्याला पाठ असते. दुपारी तोच विद्यार्थी आपल्या विभागप्रमुखांबरोबर राउंडला जातो. प्रमुखांच्या हाती त्याचे अंतर्गत गुण आहेत. प्रमुखांनी उजव्याऐवजी डावा पाय म्हटले, तर तो बोलेल? सकाळच्या गुणांवरून हे सांगता येईल असे आम्हाला वाटत नाही. भिंगाचे नाभीय अंतर आधी ठाऊक असलेला विद्यार्थी प्रात्यक्षिकात नेमके तेच उत्तर ‘मोजून’ आणतो, हे आपण शिक्षक जाणतोच.

तपासयादीचा दुसरा दोषही लक्षात घ्यावा. टोरांटो येथे ब्रायन हॉजेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसोपचाराच्या ऑस्कीत विद्यार्थी, शिकाऊ डॉक्टर आणि अनुभवी डॉक्टर असे तिघांनाही बसवले व १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासयादीवर अनुभवी डॉक्टरांना सर्वांत कमी गुण मिळाले! परीक्षकांनी एकूण कामगिरीबद्दल दिलेल्या गुणांत मात्र तेच पुढे होते. ही दुसरी पद्धत परीक्षकाच्या मतावर अवलंबून म्हणून आपण तिच्याकडे संशयाने पाहतो. जाणतेपण मात्र तिलाच दिसले. आमच्या मते कारण सोपे आहे. जाणता माणूस यादीतले सर्व प्रश्न विचारत नाही; रुग्णाच्या उत्तरातील एखादा धागा पकडून तो पुढे जातो. नवशिका सगळे विचारतो आणि ‘टिक’ मिळवतो.

अमेरिकेने तर हा प्रयोग राष्ट्रीय पातळीवर करून पाहिला. डॉक्टर होण्यासाठी नकली रुग्णांसमोर द्यायची एक परीक्षा २००४ साली तेथे सुरू झाली. तिकडे पुढील शिक्षणाला जाणाऱ्या आपल्याकडच्या डॉक्टरांनाही ती द्यावी लागे. केंद्रे देशभरात पाच शहरांत. शुल्क शेवटी हजार डॉलरच्या वर गेलेले. दिवसभरात बारा रुग्ण, प्रत्येकी पंधरा मिनिटे. तेथील विद्यार्थ्यांपैकी शंभरात नव्वदाहून अधिक पहिल्याच खेपेस उत्तीर्ण होत. तयारीची पुस्तके निघाली: दारावर टकटक करा, नाव सांगा, हात धुवा, चादर नीट ओढा, सहानुभूतीचे एक वाक्य म्हणा. सहानुभूतीचे वाक्य पाठ करणे हा प्रकार आम्हाला हास्यास्पद वाटतो, पण हसण्याआधी आपल्याकडील तोंडी परीक्षा आठवाव्यात. २०२०च्या साथीत ती परीक्षा थांबली आणि २०२१ मध्ये कायमची बंद करण्यात आली.

आपल्या देशात २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचा स्वतंत्र भाग आला, आणि महाविद्यालयांना कौशल्य प्रयोगशाळा बंधनकारक झाली. महाराष्ट्रातील महाविद्यालयांनाही हे लागू आहे. पाऊल योग्य आहे. पुतळ्यावर चुकलेला विद्यार्थी कोणाचा जीव घेत नाही, हा एकच लाभ खर्च वसूल करण्यास पुरेसा आहे. आणि प्रसंग संपल्यावर सर्वांनी बसून ‘त्या क्षणी तुला काय दिसत होते? तू का थांबलास?’ अशी चर्चा केली तर विद्यार्थी खरोखर शिकतो. पण याच चर्चेचे निकालपत्र होणार आहे असे कळले की तो खरे कारण सांगणे बंद करतो. ‘मला भीती वाटली’ या उत्तराला किती गुण द्यायचे?

म्हणून गुण द्यायचेच असतील तर निदान एक बदल करून पाहावा. नकली वरिष्ठाच्या जागी त्याच विभागाच्या खऱ्या प्राध्यापकांना उभे करावे, चूक करायला सांगू नये, नेहमीसारखे काम करू द्यावे, आणि विद्यार्थ्याबरोबर त्यांचेही मूल्यमापन व्हावे: कनिष्ठाने शंका काढल्यावर ते थांबले का, उत्तर कोणत्या स्वरात दिले, त्यानंतर संघातील इतरांनी तोंड उघडले का. ही पत्रिका भरण्याचे काम परिचारिकेकडे द्यावे. किती प्राध्यापक यासाठी नाव नोंदवतील हे पाहणे मोठे उद्बोधक ठरेल. हाच प्रयोग फळ्यावरच्या चुकलेल्या गणिताच्या निमित्ताने आपल्या वर्गात करायला तर पुतळाही लागत नाही. पत्रिका मात्र मुलांच्या हाती द्यावी लागेल.