बायर्नचे दात: पेपर चांगला, प्रश्न बाकी

संशोधनाकडे वळणार असाल, तर चार्ल्स बायर्नवरचा २०११चा ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला पेपर वाचाच. पिट्युटरी म्हणजेच पीयूषिका ग्रंथी ग्रोथ हार्मोन जास्त सोडू लागली, की वाढत्या वयात माणूस अवाढव्य उंच होतो; हाडांची वाढ थांबल्यावर तेच झालं, तर हात, पाय, जबडा रुंदावतात. आयर्लंडचा बायर्न साडेसात फुटांहून उंच होता. १७८३मध्ये, २२व्या वर्षी वारला.

१९०९मध्ये हार्वी कुशिंगने त्याची कवटी तपासली. ग्रंथीची खोबण मोठी झालेली होती. आजार कळला, कारण नाही. ते दातांतल्या डीएनएने दिलं: एआयपी जनुकातला बदल, आणि तोच उत्तर आयर्लंडमधल्या आजच्या चार कुटुंबांत. आता नातेवाइकांची तपासणी आधीच करता येते. पेपरचं खरं बळ हेच.

पण बायर्नला समुद्रात दफन हवं होतं. शरीरशास्त्रज्ञ जॉन हंटरने मृतदेह मिळवला. लंडनच्या हंटेरियन म्युझियमने २०२३मध्ये सांगाडा प्रदर्शनातून काढला, संशोधनासाठी मात्र ठेवला. उपयोग झाला म्हणजे परवानगी मिळाली, असं होत नाही. तुमच्या प्रबंधात नमुना कुठून आला हे लिहाल, तेव्हा तो दिलेला की घेतलेला, तेही लिहा.