उघड्या दारातला कोट

जेम्स व्हॅन डर झी यांनी 1932 साली टिपलेलं एक छायाचित्र मी पुन्हा पुन्हा काढून बघतो. न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीतला रस्ता, मागे घरांची रांग, पुढे लखलखती कॅडिलॅक. मोटारीत कृष्णवर्णीय पुरुष बसलाय, शेजारी स्त्री उभी आहे. दोघांच्या अंगावर रॅकूनच्या फरचे जाडजूड कोट. शीर्षकात या जोडप्याची नावं नाहीत. कोटांचा उल्लेख मात्र आहे.

नजर आधी जाते मोटारीच्या उघड्या दाराकडे. ते मिटलेलं असतं, तर पुरुषाचा चेहरा आणि फार तर कॉलर दिसली असती. ते उघडं आहे म्हणून अख्खा कोट दिसतो. गुळगुळीत पत्र्याशेजारी ती दाट, केसाळ फर अशी उठून येते, की कृष्णधवल चित्रातही तिची ऊब बोटांना जाणवावी. आणि दोघं थेट आपल्याकडे बघतात. ओशाळलेपण नाही, खूश करण्याची धडपडही नाही. वर्ष महामंदीचं आहे, हार्लेम बेकारीने पोळलेलं आहे. तरीही मला यात श्रीमंतीचा तोरा दिसत नाही.

कारण या अंगांवर काय घालायचं, हे एके काळी दुसरे ठरवत. साउथ कॅरोलायनाच्या 1740 च्या कायद्याने गुलामांसाठी जाडाभरडा, स्वस्त कपडाच नेमून दिला होता. गुलामगिरीतून स्वतःला सोडवून घेणाऱ्या ओलाउदाह इक्वियानोने मुक्तीच्या आनंदात नाचण्यासाठी उंची कापडाचा पोशाख घेतला, त्यावर आठ पौंडांहून अधिक खर्च केला, आणि आत्मचरित्रात त्याची आवर्जून नोंद केली. मोजक्या कमाईतून सुटकेचे पैसे जमवणाऱ्या माणसाने केलेला हा खर्च उधळपट्टी वाटेल का कुणाला?

मराठी वाचकाला इथे महाड आठवावं. डिसेंबर 1927 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्या स्त्रियांना सांगितलं, की लुगडं नेसण्याची जात ओळखू देणारी रीत सोडा, अंगावरचे ओझ्यासारखे दागिने उतरवा. नेसणं-लेणं हे कुणाच्या हुकमाचं असतं, हे दोन्हीकडच्या माणसांना कातडीवर कळलेलं होतं.

रॅकूनचा कोट मुळात 1920 च्या दशकातल्या गोऱ्या, सधन कॉलेजकुमारांची फॅशन. हार्लेमच्या रस्त्यावर तो उसना वाटत नाही. पुरुष त्यात सैलावून बसलाय, जणू थंडीतली रोजची दुपार आहे. व्हॅन डर झी स्टुडिओतल्या छायाचित्रांवर हाताने बारीक काम करत, दात सावरत, दागिने रेखत. या चित्रात मला सगळ्यात जपलेली वाटते ती हीच सैल बैठक. दार उघडंच आहे. उतरायची घाई त्याला नाही.