‘तत्सम’ या शब्दावरील भार : बेवारस धनाविषयीच्या एका निर्णयाची चिकित्सा

धनको सापडत नाही, ऋणकोस ते धन गिळंकृत करण्याचा अधिकार नाही आणि अनेक राज्ये त्यावर हक्क सांगतात; अशा वेळी निवाडा कशाच्या आधारे करावा? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली ‘टेक्सास विरुद्ध न्यू जर्सी’ या दाव्यात याचे उत्तर दिले. सन ऑइल कंपनीकडे पडून असलेल्या २६,४६१.६५ डॉलरांवर चार राज्यांची दृष्टी होती. ऋणकोच्या हिशेबवहीत धनकोचा शेवटचा पत्ता ज्या राज्यातील असेल, त्या राज्याचा हक्क पहिला. पत्ता नसल्यास ऋणको कंपनी जेथे नोंदलेली असेल त्या राज्याचा, असा तो निर्णय होता. हा नियम संविधानातून निघालेला नसून सोय व न्याय्यता यांवर आधारलेला आहे, हे न्यायमूर्ती ब्लॅक यांनी स्पष्टपणे मान्य केले.

मनीऑर्डरींच्या बाबतीत मात्र पत्ते नोंदविण्याची प्रथाच नसल्याने बहुतेक धन नोंदणीच्या राज्याकडे जाऊ लागले. १९७२ साली न्यायालयाने नियमास मुरड घालण्याचे नाकारले. तेव्हा १९७४ साली काँग्रेसने कायदा करून खरेदी जेथे झाली त्या राज्यास हक्क दिला. हा कायदा मनीऑर्डर, प्रवासी धनादेश ‘व तत्सम लेखी पत्रे’ यांस लागू आहे. मनीग्रामची बँकांमार्फत विकली जाणारी पत्रे ‘तत्सम’ आहेत काय, यावर डेलावेअर व इतर राज्ये यांचा वाद झाला आणि २०२३ साली न्यायमूर्ती केतनजी ब्राउन जॅक्सन यांनी लिहिलेला निर्णय डेलावेअरविरुद्ध गेला.

आपल्या अलंकारशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर कायद्यातील हे वाक्य धर्मलुप्ता उपमा होय. उपमान आहे, वाचक शब्द आहे. साधारण धर्म तेवढा अनुक्त आहे. तो न्यायालयाने पुरविला, आणि तोही दुहेरी : आगाऊ मूल्य घेऊन विशिष्ट व्यक्तीस पैसे पोहोचविणे, हा एक, आणि विक्रेता व्यवसायरीतीने पत्ते ठेवीत नसल्याने जुन्या नियमाखाली अन्याय्य वाटप होणे, हा दुसरा.

यांपैकी पहिला धर्म अतिव्याप्त आहे. बँकांच्या कित्येक धनादेशांस तो लागू पडेल. म्हणून खरा भार दुसऱ्यावर पडतो. परंतु तो पत्राचा गुण नसून विक्रेत्याच्या दप्तराचा आहे. उद्या त्याच विक्रेत्याने पत्ते टिपण्यास आरंभ केला, तर पत्राचे स्वरूप तेच राहूनही त्याचे ‘तत्समत्व’ नाहीसे होईल काय? निर्णयाच्या युक्तिवादातून या प्रश्नास निश्चित उत्तर मिळत नाही.

तरीही हा निर्णय चुकीचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. दुसरा धर्म न्यायालयाने कल्पनेने निर्मिलेला नाही. पत्त्यांच्या अभावाचा उल्लेख कायद्याच्या प्रास्ताविक निष्कर्षांतच आहे. सादृश्य हे दोन वस्तूंमध्ये निसर्गतः नसते, ते एखाद्या प्रयोजनाच्या अपेक्षेने ठरते. येथे प्रयोजन वाटपाचे आहे. आक्षेप एवढाच की, प्रयोजनाने ठरविलेले सादृश्य पत्राच्या अंगभूत गुणासारखे मांडल्याने पुढील दाव्यांत संदिग्धता कायम राहते.

प्रश्न केवळ शब्दांचा नाही. पत्र जेथे विकत घेतले, तेथेच ग्राहक राहत असण्याचा संभव अधिक. कंपनीच्या नोंदणीच्या गावाशी त्याचा संबंध बहुधा कधीच आलेला नसतो. ‘तत्सम’चा अर्थ लावताना हा अनुपस्थित धनी दृष्टीआड होऊ नये, इतकेच.