‘रीड’ : एका क्रियापदाची कुळकथा

‘आपले पुस्तक वाचले,’ हे वाक्य आम्हां परीक्षकांच्या तोंडी इतके रुळलेले असते की त्यातल्या क्रियापदाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. गेल्या वर्षी एका कादंबरीवर मी अभिप्राय लिहिला. ‘शेवट ओढूनताणून आणलेला आहे,’ असा शेराही मारला. लेखकाचे दोन ओळींचे पत्र आले : ‘कादंबरी आपण वाचलीत, की चाळलीत?’ राग आला. पण शेवटची पन्नासेक पाने मी चाळलीच होती! मन रमवावे म्हणून शब्दकोश उघडला, तो नेमका इंग्रजी ‘रीड’पाशी अडकलो.

जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘रॅडन’ असे होते. सल्ला देणे, अर्थ लावणे, कोडे उलगडणे हे त्याचे अर्थ. कोड्याला इंग्रजीत ‘रिडल’ म्हणतात, तो शब्दही याच घराण्यातला. जर्मनमधले भावंड ‘राटेन’ अजून सल्ला देते नि तर्क बांधते. वाचण्याचे काम तिथे ‘लेझेन’कडे आहे. त्याचा मूळ अर्थ वेचणे. लॅटिन ‘लेगेरे’चेही तेच. शेजारी अक्षरे वेचीत असता इंग्रजाने मात्र लिखाणाकडे कोडे म्हणून पाहिले!

मौज पाहा. इ. स. ९७८ मध्ये इंग्लंडच्या गादीवर एथेलरेड आला. नावाचा अर्थ ‘उदात्त सल्ला’. पुढे लोकांनी त्याला ‘अनरॅड’, म्हणजे वाईट मसलतीचा, असे उपपद चिकटवले. कालांतराने त्याचे ‘अनरेडी’ झाले, आणि हा राजा कधी तयारीतच नसे, असा समज पसरला. शब्द नीट न वाचल्याने माणसावर केवढा अन्याय होतो!

आपले ‘वाचणे’ आले ते वाणीच्या कुळातून. पोथी पुढ्यात घेऊन चार माणसांसाठी मोठ्याने वाचायचे. म्हणजे लिहिलेल्याला बोलते करायचे. वेचणे, उलगडणे, बोलते करणे : टीकाकाराची सारी कर्तव्ये या तीन भाषांनी सांगून ठेवली आहेत. त्या पन्नास पानांशी मी यांतले एकही केले नव्हते.

कादंबरी पुन्हा हाती घेतली. ज्या शेवटाला मी नावे ठेवली, त्याची सारी कारणे त्याच पानांत होती. लेखकाला तसे कळविले. असो. माझ्या अभिप्रायानंतरही ती कादंबरी वाचली, हे तिचे नशीब. आणि अखेरीस मीही ती वाचली, हे माझे!